बावीस गुणांची तूट

"केट, एकशे चारचे किती?" वॉल्टने मागे न बघता विचारलं.

"नव्वद."

"आणि आपल्या एकशे एकवीसचे?"

"साठ. पण वॉल्ट, आपल्याला वर जायची गरजच नाही. तो पोरगा आपल्या नंबरापर्यंत राहतो. मी सकाळीच सांगितलं होतं."

"सकाळी सांगितलंस. ऐकलं मी."

हे 'ऐकलं मी' मी तीन वर्षं ऐकत होते.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, टोलेडोची. मी लातूरची केतकी बिडवे, संख्याशास्त्रात डॉक्टरेट करायला अमेरिकेत गेले आणि तिथून एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाच्या कचेरीत जाऊन पडले. तिथे कुणालाही केतकी म्हणता येईना, म्हणून केट. आईला मी कितीदा समजावलं असेल, तरी ती शेजारपाजाऱ्यांना सांगायची, "पायानं खेळतात, त्या कंपनीत आहे." पायाने फारसं खेळत नाहीत आणि ती कंपनीही नव्हती, पण ते असो.

या खेळात दर वर्षी एप्रिलमध्ये कॉलेजांतून नवे खेळाडू निवडतात. बत्तीस संघ, सात फेऱ्या. आदल्या मोसमात जो संघ सर्वांत जास्त हरला त्याचा पहिला नंबर, मग त्याच्यावरचा, असं करत करत अडीचशेच्या आसपास नंबर लागतात. गंमत अशी की हे नंबर विकाऊ असतात. पैशांनी नव्हे, दुसऱ्या नंबरांनी. तुमचा वरचा नंबर मला द्या, मी माझे खालचे दोन देतो, नाहीतर पुढच्या वर्षीचा देतो. कधी जोडीला एखादा जिवंत माणूसही जातो, म्हणजे संघात आधीपासून असलेला खेळाडू. कोणत्या नंबराची किंमत किती, हे गुणांत सांगणारा तक्ता मी तीन वर्षं खपून तयार केला होता. वीस वर्षांतल्या प्रत्येक खेळाडूचं पुढे काय झालं ते तपासून. खेळाडूंनाही मी गुण लावले होते.

वॉल्ट केसलर आमचा जनरल मॅनेजर. कुणाला घ्यायचं आणि कुणाला सोडायचं, हे तो ठरवायचा. माझा तक्ता त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून टेबलावर ठेवला होता. पाहुणे आले की दाखवायचा. त्यावर कॉफीचा मग ठेवायचा.

तो शनिवार होता, निवडीचा तिसरा दिवस, दुपारी दीडचा सुमार. खोलीत आम्ही आठ-नऊ जण होतो. भिंतीवर खेळाडूंच्या नावांच्या चुंबकी पट्ट्या, कोपऱ्यात गार झालेला पिझ्झा. माझी खुर्ची शेवटच्या रांगेत, प्रिंटरच्या शेजारी. वॉल्टचा जीव अडकला होता डेशॉन व्हिटली नावाच्या पोरावर. चेंडू घेऊन पळणारा गडी, लहानशा कॉलेजातला. वॉल्टला भीती, की एकशे सातव्या नंबरावर टल्साचा संघ त्याला उचलणार. त्यामुळे एकशे चारवर बसलेल्या पोर्टलंडशी त्याने फोनवर सौदा सुरू केला होता.

"टल्साकडे तीन पळणारे आहेत," मी म्हणाले. "ते चौथा कशाला घेतील? एकशे पाचपासून एकशे वीसपर्यंत सोळा संघ आहेत. त्यांतल्या दोघांनाच पळणारा हवाय, आणि त्या दोघांनी व्हिटलीला भेटायलासुद्धा बोलावलं नव्हतं. दहांत आठ वेळा तो आपल्याला फुकट मिळेल."

"आणि दोन वेळा?" वॉल्टने विचारलं.

"दोन वेळा दुसरा कुणीतरी घेऊ. तितकाच चांगला."

"अर्ल," वॉल्ट म्हणाला, "तितकाच चांगला आहे का कुणी?"

अर्ल मॉस्बी हा संघाचा सर्वांत जुना पारखी. सदुसष्ट वर्षांचा, गावोगाव गाडीने फिरून पोरं बघणारा, हातात कायम एक तपकिरी वही. त्याने वही मिटली. "चांगला असणं वेगळं. मी त्या पोराला पावसात पळताना पाहिलंय."

झालं. पावसात पळताना पाहिलं, यावर कुठला तक्ता काय बोलणार?

"तूट किती?" वॉल्टने विचारलं.

"तीस. शेवटून दुसऱ्या फेरीतला नंबर दिलात तर आठ भरतात. राहतात बावीस."

"बावीस कुठून आणू?"

"आणू नका."

दोघं-तिघं हसले. वॉल्टही हसला. मग फोन दुसऱ्या कानाला लावून म्हणाला, "केट, मी तुला विचारतोय की बावीस कुठून आणू. आणू का, हे नाही विचारलं."

पोर्टलंडला त्यांचा खेळाडू निवडायला पाच मिनिटं होती. पडद्यावर साडेतीन राहिली होती. मी सकाळी सातपासून त्या खोलीत होते. त्या पोराविषयी मी सहा पानं लिहून दिली होती, त्यांतलं एकही कुणी उलटलं नव्हतं. आदल्या वर्षी असंच झालं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही.

"मग एमेकालाही देऊन टाका!" मी म्हणाले. "आपण किक मारतोच कशाला? काढून टाका सगळे, आणा तुमचा व्हिटली!"

मी हे ओरडून म्हणाले. मला वाटलं, आता वॉल्ट मला बाहेर काढणार.

वॉल्टने खुर्ची वळवली. त्या दिवसात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे तोंड केलं. "एमेकाला तुझ्या तक्त्यात किती आहेत?"

माझ्या तोंडून आकडा गेला. आकडा विचारला की सांगायचा, ही सवय. "चोवीस."

"पोर्टलंडकडे लाँग स्नॅपर आहे का?"

अर्लने वही उघडली, बोट ओलं करून दोन पानं उलटली. "त्यांचा मार्चमध्ये निवृत्त झाला."

"वॉल्ट," मी उभी राहिले, "मी रागाने बोलले. तसं नव्हतं म्हणायचं मला."

त्याने एक बोट वर केलं, थांब म्हणून, आणि फोनमध्ये म्हणाला, "ऐक, माझ्याकडे तुझ्यासाठी काहीतरी आहे."

पडद्यावर पन्नास सेकंद राहिलेली असताना सौदा झाला.

आता एमेका कोण ते सांगायला हवं.

एमेका ओबिओरा आमचा लाँग स्नॅपर. किक मारायची वेळ आली की हा माणूस मैदानात येतो, कंबरेत वाकतो आणि आपल्या दोन पायांमधून चेंडू पाठीमागे पंधरा यार्डांवर उभ्या असलेल्या गड्याच्या हातात फेकतो, पाऊण सेकंदात. समोरून शंभर-दीडशे किलोचे चार जण अंगावर येत असतात. एका सामन्यात आठ-दहा वेळा एवढंच काम. तो चुकला तरच लोकांना त्याचं नाव कळतं. एमेकाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. पाच वर्षांत सहाशे एकवीस फेकी, त्यांतल्या तीन वाकड्या.

हे मला माहीत होतं कारण तो ते विचारायला माझ्याकडे यायचा. खेळाडूंपैकी माझ्या खोलीचं दार वाजवणारा तो एकटाच. त्याचे आईबाप नायजेरियाचे. लोक त्याला 'मेको' म्हणायचे, कुणी 'मेक्सिको'सुद्धा. पहिल्याच दिवशी त्याने मला माझं नाव तीनदा म्हणायला लावलं आणि चौथ्यांदा स्वतः बरोबर म्हणाला. केतकी. 'त' आमच्यासारखा.

त्याला सहा वर्षांची मुलगी होती, इफी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. टोलेडोत कर्णबधिर मुलांची एक शाळा होती. दोन वर्षं वाट पाहून त्या फेब्रुवारीत इफीला तिथे प्रवेश मिळाला. मार्चमध्ये एमेका माझ्याकडे आला. हातात कागद नव्हता, आकडे विचारले नाहीत. म्हणाला, "शाळेच्या मागच्या गल्लीत एक घर आहे. घ्यावं का?"

"ते मला कसं कळणार?"

"तुला कळतं. तुझ्या तक्त्यात मी आहे ना?"

खेळाडूला त्याचे गुण सांगायचे नाहीत, असा नियम होता. मी गुण सांगितले नाहीत. मी म्हणाले, "लाँग स्नॅपरची अदलाबदल कुणी करत नाही, एमेका. वीस वर्षांत झालेली नाही. घे घर."

त्याने घेतलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते राहायला गेले. इफीने मला त्या घराचं चित्र काढून पाठवलं, त्यात शाळा घराला चिकटलेली होती.

त्या शनिवारी, व्हिटलीचं नाव जाहीर झाल्यावर, वॉल्टने सगळ्यांसमोरच एमेकाला फोन लावला. "मोठ्या संघात चाललायस, मेको. हा तुझा सन्मान आहे." पलीकडून मला फक्त "काय?" एवढंच ऐकू आलं. दोनदा. चाळीस सेकंदांत वॉल्टने फोन ठेवला आणि पिझ्झाचा तुकडा घेतला.

मी जागेवर बसून पुढचे सोळा नंबर मोजले. टल्साने बचावातला गडी घेतला. एकशे पाच ते एकशे वीस, एकाही संघाने पळणारा गडी घेतला नाही. एकानेही नाही. एकशे विसावं नाव आल्यावर मी वॉल्टच्या खुर्चीपाशी गेले.

"सोळांत एकही नाही," मी म्हणाले. "तो आपल्याला मिळाला असता."

वॉल्टने मान डोलावली. "नाही घेतला कारण तो उरलाच नव्हता. घेणार कुणाला?" आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. "आणि तो स्नॅपरचा विचार, केट. झकास. असंच बोलत जा खोलीत."

आधी तो माझं ऐकायचा नाही तेव्हा मला राग यायचा. या वेळी त्याने मला शाबासकी दिली. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारत उभी राहिले.

रविवारी सकाळी एमेकाचा फोन आला. शनिवारी त्याचे तीन येऊन गेले होते, मी उचलले नव्हते.

"केतकी, एकच विचारायचंय. हे कुठून निघालं? आपल्याकडून की त्यांच्याकडून?"

मी खिडकीतून खालच्या वाहनतळाकडे बघत होते. "त्यांच्याकडून," मी म्हणाले.

"म्हणजे त्यांनी मला मागितलं?"

"हो."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. " तसं असेल तर ठीक आहे. कुणाला तरी मी हवा होतो."

त्याच दिवशी मी लातूरला फोन करून आईला सगळं सांगितलं. रडत सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी नोकरी तर राहिली ना गं?"

"राहिली."

"मग झालं तर."

मी तिच्यावर चिडले. तिच्यावर चिडणं सोपं होतं. वॉल्टने शनिवारी खुर्ची वळवली तेव्हा पहिल्या क्षणी माझ्या मनात नोकरीच आली होती.

पुढचं आधी सांगून टाकते. व्हिटली चांगला निघाला. फारच चांगला. दुसऱ्या वर्षी आम्ही बाद फेरीत गेलो, आणि वर्तमानपत्रांनी त्या सौद्याला वॉल्टची दूरदृष्टी म्हटलं. माझी सहा पानं कुणाला आठवण्याचा प्रश्नच नव्हता. वॉल्टचा करार आणखी पाच वर्षांसाठी वाढला. एमेका पोर्टलंडकडून चार मोसम खेळला, आणि ते चारही मोसम त्याची बायको आणि इफी टोलेडोतच राहिल्या, शाळेसाठी. दोन हजार मैल. मी दोन वर्षांनी नोकरी सोडली. आता पुण्यात शिकवते. विद्यार्थी कधी त्या दिवसांबद्दल विचारतात तेव्हा मी व्हिटलीची गोष्ट सांगते, आकडे कसे हरतात म्हणून. मुलं हसतात.

सोमवारचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी सकाळी एमेका आपलं सामान न्यायला आला. खेळाडूंच्या खोलीत तो एकटाच होता, एका खोक्यात बूट भरत. मला बघून हसला. चेहरा झोप न झालेल्या माणसाचा होता, पण हसला.

"बरं झालं आलीस. मी एक ठरवलंय. तुझं मत हवंय."

"काय?"

"पोर्टलंडचा सराव पुढच्या आठवड्यात सुरू होतो. मी त्यांच्या मॅनेजरला आज फोन करणार आहे. म्हणणार, मला जूनपर्यंत इथे राहू द्या. इफी आत्ता कुठे शाळेत रुळतेय. रोज सकाळी मी सोडायला गेलो तरच आत जाते. दीड महिन्याचा प्रश्न आहे. मी इथे एकटा सराव करीन."

मी खाली पडलेला एक बूट उचलून त्याला दिला.

"तू म्हणालीस ना, त्यांनी मला मागून घेतलं," तो म्हणाला. "ज्याला गरज असते तो थोडं ऐकतो. ऐकतील. नाही का?"

पोर्टलंडच्या यादीत दोन नवे स्नॅपर येणार होते, कॉलेजातून, सरावापुरते. रविवारी संध्याकाळी मी ते पाहिलं होतं. वजन जुळवायला टाकलेल्या माणसाने आल्याआल्या सवलत मागितली, तर ते त्याला जूनपर्यंत थांबवणार नव्हते. घरी पाठवणार होते.

"तो फोन करू नकोस," मी म्हणाले.

"का?"

"त्यांनी तुला मागितलं नव्हतं."

त्याच्या हातात एक बूट होता. तो त्याने खोक्यात ठेवला नाही, तसाच धरून राहिला.

"काल तू म्हणालीस."

"काल मी खोटं बोलले. सौद्यात बावीस गुण कमी पडत होते. तुझे चोवीस होते. बसलास. तू जूनपर्यंत थांबतो म्हणालास तर ते तुला काढून टाकतील. पुढच्या आठवड्यात जा. सगळ्यांच्या आधी जा."

"चोवीस," तो म्हणाला. "कमी आहेत का?"

"स्नॅपरमध्ये सर्वांत जास्त आहेत."

तो बाकावर बसला. त्या लांबलचक खोलीत पन्नास-पंचावन्न जणांची कपाटं होती, आणि आम्ही दोघंच.

"कुणाला सुचलं?" त्याने विचारलं. "वॉल्टला माझं नाव तरी आठवतं का? अर्लला?"

मला 'हो' म्हणता आलं असतं. 'अर्लला' असं मी म्हणाले असते, तर त्याने विश्वास ठेवला असता.

"मला," मी म्हणाले.

त्याने मान वर केली. मी सांगत गेले. सकाळी सातपासूनचं, सहा पानांचं, पावसात पळण्याचं, ते दोघं-तिघं हसले त्याचं. मी कसं उपहासाने म्हणाले, वॉल्टने ते कसं खरं धरलं, मी उभी राहून कशी थांबवत होते. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, आणि सांगता सांगता माझ्याच कानाला ते तक्रारीसारखं ऐकू यायला लागलं. जणू अन्याय माझ्यावर झाला होता आणि तो माझी समजूत घालायला बसला होता. मग मी थांबले.

"खोलीत आठ-नऊ जण होते," तो सावकाश म्हणाला. "संघात त्रेपन्न नावं आहेत. तुझ्या तोंडात माझंच कसं आलं?"

"मला तुझंच नाव..." मी म्हणाले. इतरांची मला फक्त आडनावं माहीत होती. त्यांच्याशी मी कधी बोललेच नव्हते.

"तू रागावली होतीस."

"हो."

"माझ्यावर?"

"नाही! तुझ्यावर कशाला?"

"मग?"

"वॉल्टवर."

त्याने हातातला बूट खोक्यात ठेवला. वरून टॉवेल घातला, खोक्याच्या चारही कडा एकमेकींत अडकवल्या. शांतपणे, जसं सगळं करायचा तसं. मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं. रागाने नाही. आकडा विचारायला यायचा त्याच आवाजात, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"मग वॉल्टचं काय झालं?"



"काही नाही," मी म्हणाले.

त्याने खोकं उचललं. मी दार उघडून धरायला पुढे झाले, पण तो माझ्या आधी पोचला होता. दार खांद्याने ढकलून तो बाहेर पडला.